टेपचा आवाज फाटतोय, ट्रॉलीची लाईट मिणमिणतेय? आधी गाडीचा ‘अर्थ’ तपासा

नेवासा : गळीत हंगाम जवळ आला की ट्रॅक्टर सजायला लागतात. कुणी पुढं एलईडी बार लावतं, कुणी मोठा हॉर्न, कुणी अँप्लिफायर आणि चार स्पीकर. पिकअपवाल्यांचंही तेच. आठ-पंधरा दिवस सगळं झकास चालतं. मग बार मिणमिणायला लागतो, टेपमध्ये इंजिनाच्या रेसबरोबर ‘कुंईऽऽ’ आवाज येतो, इंडिकेटर दिला की मागची लाईट पण उघडझाप करते. मालक आधी बल्ब बदलतो, मग बॅटरी बदलतो. फरक मात्र पडत नाही.

माझ्या ट्रॅक्टरवर हेच झालं होतं. नवी बॅटरी आणली, तरी बार तसाच पिवळट. शेवटी सापडलं काय, तर मडगार्डच्या रंगावरच कसलेला मायनसचा एक बोल्ट. दोन रुपयांच्या पॉलिश पेपरनं काम झालं. बॅटरीचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

गाडीचा अर्थ म्हणजे जमीन नव्हे

विहिरीवरच्या मोटारीला आपण खड्डा खणून, मीठ-कोळसा टाकून अर्थिंग करतो. तो अर्थ माणसाला शॉक बसू नये म्हणून असतो. गाडी तर रबराच्या टायरवर उभी. तिचा जमिनीशी काही संबंध नाही. गाडीत अर्थ म्हणजे करंटची परतीची वाट.

बॅटरीच्या प्लसमधून निघालेला करंट बल्बातून, टेपमधून काम करून पुन्हा बॅटरीच्या मायनसला पोचावा लागतो. प्रत्येक वस्तूला दोन-दोन वायरी ओढण्यापेक्षा कंपनी गाडीचं लोखंडच मायनस म्हणून वापरते. बॅटरीची मायनस केबल चेसीला आणि इंजिनाला जोडलेली असते ती त्यासाठीच. उसाच्या पाटाचं बघा. वरून पाणी कितीही जोरात सोडा, पुढं पाट तुंबला असेल तर शेवटच्या सरीला पाणी जात नाही. प्लसची वायर आपण जाड घेतो, तिला फ्यूज लावतो, आणि मायनस मात्र दिसेल त्या स्क्रूखाली दाबतो. घोळ तिथंच होतो.

थोडा हिशोब करू. 120 वॅटचा बार 12 व्होल्टवर साधारण 10 अँपियर ओढतो. गंजलेल्या जोडात फक्त 0.2 ओहमचा अडथळा असला तरी 10 गुणिले 0.2 म्हणजे 2 व्होल्ट तिथंच खाल्ले जातात. बारला 12 च्या जागी 10 व्होल्ट मिळतात. आणि ते खाल्लेले 2 व्होल्ट वाया जातात म्हणजे उष्णता होतात. 2 गुणिले 10, म्हणजे 20 वॅट. टेप दुरुस्तीवाल्याची छोटी सोल्डरिंग 25 वॅटची असते. म्हणजे जवळपास तेवढी गरम वस्तू तुमच्या मडगार्डखाली पेटती ठेवल्यासारखं झालं. 40 अँपियर ओढणाऱ्या अँप्लिफायरला तर अडथळा 0.05 ओहम असला तरी 80 वॅट उष्णता होते. उसाचं वाळलेलं पाचट आणि डिझेलचा ओशटपणा जिथं असतो, तिथं हे परवडणारं नाही.

जागा कुठली निवडायची?

ट्रॅक्टर : बहुतेक ट्रॅक्टरला वेगळी चेसी नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागची हाऊसिंग हीच त्याची पाठ. अर्थ तिथं घ्या, किंवा कंपनीनं बॅटरीची मायनस केबल जिथं कसलीय त्याच बोल्टवर घ्या. मडगार्ड, बॉनेट, छताचा सांगाडा हे रंगवलेले आणि चार बोल्टांवर लटकलेले असतात. तिथं घेऊ नका.

पिकअप आणि जीप : केबिन रबरी बुशांवर बसलेली असते, इंजिनही रबरावर. म्हणून जाड चेसी सगळ्यात चांगली. इंजिन ते चेसी जी विणलेली पट्टी असते ती शाबूत आहे का, तेही बघा. ती तुटली तर सेल्फ मारताना मोठा करंट एक्सलेटरच्या किंवा गिअरच्या केबलमधून वाट काढतो. केबल गरम होते, जळते.

कार : कंपनीनंच दिलेले अर्थचे बोल्ट असतात, तिथं वायरींचा जुडगा दिसतो. हलकं सामान त्यावर चालतं. अँप्लिफायरला बॉडीच्या जाड पत्र्यावर वेगळी जागा करा. भोक पाडायच्या आधी खालून डिझेलची टाकी, ब्रेकची नळी किंवा वायरिंग जात नाही ना, ते वाकून बघा.

सीटबेल्टचा बोल्ट, स्टेअरिंगचा बोल्ट आणि एअरबॅगजवळची कुठलीही जागा अर्थसाठी वापरायची नाही. दरवाजा, डिकीचं झाकण, डॅशबोर्डचा बारीक स्क्रू हेही नको.

जोड असा करा

1. आधी बॅटरीची मायनस काढा. जोडताना मायनस सगळ्यात शेवटी. प्लस खोलताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते, म्हणून हा क्रम.

2. जागेवरचा रंग, गंज, वाळलेला चिखल पॉलिश पेपरनं घासून काढा. पांढरं चकचकीत लोखंड दिसलं पाहिजे. आपल्याकडची काळी माती ओली असताना धरून ठेवते आणि आत गंज चढतो, म्हणून वरवर पुसून भागत नाही.

3. वायर नुसती पिळून बोल्टला गुंडाळू नका. तांब्याची थिंबल दाबून बसवा, दातेरी वायसर टाका आणि नट-बोल्टनं कसा. पत्र्यात घुसवलेला स्क्रू गाडीच्या हादऱ्यानं ढिला होतो.

4. कसून झाल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा. आधी नाही, नंतर.

5. मायनसची वायर प्लसइतकीच जाड आणि होईल तेवढी आखूड, शक्यतो दीड फुटाच्या आत. 10 अँपियरच्या बारला 2.5 चौरस मिमी, 40 अँपियरच्या अँप्लिफायरला 10 चौरस मिमी. वायर घेताना चाकूनं खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. ती घ्यायची तर आणखी जाड घ्यावी लागते.

6. प्लसच्या वायरीला बॅटरीपासून फूटभराच्या आत फ्यूज हवाच. फ्यूज उडतो म्हणून तार गुंडाळणं म्हणजे आगीला आमंत्रण.

मीटरनं तपासायचं कसं?

नुसत्या ‘बीप’वर विश्वास ठेवू नका. वायरीचा एकच धागा टेकलेला असला तरी मीटर बीप करतो, पण तो धागा 10 अँपियर वाहून नेत नाही. तपासणी लोडवर करायची.

मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल टोक सामानाच्या मायनसवर, काळं टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, म्हणजे थेट शिशावर. आता बार लावा किंवा टेप मोठ्यानं वाजवा. मीटरवर 0.1 व्होल्टच्या आत आलं तर जोड उत्तम. 0.2 पर्यंत चालेल. 0.5 किंवा जास्त आलं तर जोड खोलून पुन्हा घासा.

मीटर नसेल तर बॅटरीच्या मायनसपासून एक जाड वायर थेट सामानाच्या मायनसला टेकवून बघा. उजेड वाढला, आवाज सुधारला, तर दोष अर्थचाच.

टेपमधली ‘कुंई’ मात्र कधीकधी टेप आणि अँप्लिफायर यांचे अर्थ दोन लांबच्या जागी घेतल्यानं येते. दोन्ही एकाच चांगल्या जागी आणून बघा.

ट्रॉलीला वेगळी मायनस वायर ओढा

सगळ्यात मोठा धोका मागं असतो. बऱ्याच ट्रॉल्यांचे लाईट मायनससाठी हुकाच्या पिनवर अवलंबून असतात. ती पिन ढिली, ग्रीसनं माखलेली, प्रत्येक खड्ड्यात उडणारी. ब्रेकचा एक 21 वॅटचा बल्ब पावणेदोन अँपियर मागतो, तेवढाही तिथून धड जात नाही. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो किंवा सगळेच बल्ब मिळून फुरफुरतात, ही त्याची खूण. करंटला परतीची वाट सापडत नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बातून शिरतो.

उपाय साधा आहे. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सपासून ट्रॉलीच्या लाईटपर्यंत स्वतंत्र मायनस वायर न्या. सात पिनांच्या सॉकेटमध्ये एक पिन मायनससाठीच असते, ती वापरा. दोन ट्रॉल्या असतील तर दुसरीपर्यंत ओढा. नगर-मनमाड रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉलीमागून मोटारसायकलवर येणाऱ्याला तोच लाल ठिपका वाचवणार असतो. रिफ्लेक्टर पट्ट्याही लावाच, त्यांना अर्थ लागत नाही.

नव्या गाड्यांना जपून

बीएस-6 च्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या मायनस क्लॅम्पवर एक छोटा सेन्सर असतो. वरचं सामान थेट त्या खांबावर जोडलं तर सेन्सरचा हिशोब चुकतो. अशा गाडीत अर्थ बॉडीवर घ्या. वॉरंटीत असलेल्या गाडीचं मूळ वायरिंग कापू नका.

हंगामाच्या आधी तासभर काढा. एक पाना, एक पॉलिश पेपर आणि दोन-तीनशे रुपयांचा मीटर एवढंच लागतं. आणि टेपचा अर्थ बघण्याआधी ट्रॉलीच्या मागच्या लाईटचा बघा.