मानसशास्त्रात एमए झालं, आता पुढे काय?

परवा एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, एमए झालं. आता क्लिनिक टाकू का?"

मी म्हटलं, "थोडी थांब."

एमएमध्ये आजार, सिद्धान्त, चाचण्या कळतात. समोर रडणाऱ्या माणसाजवळ कसं बसायचं, हे मात्र कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करूनच येतं.

आमची एमफिलची दोन वर्षं त्यातच गेली. सकाळी ओपीडीत केस हिस्टरी घ्यायची, दुपारी ती वरिष्ठांपुढे मांडायची. "पेशंट गप्प झाला, तेव्हा लगेच पुढचा प्रश्न का विचारलास?" हे त्या नेमकं पकडायच्या. पुस्तकात वाचलेली सीबीटी मला खरी कळली ती तिथे. ही शिस्त दुसरीकडे कुठे लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

कायद्याचंही बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं शिक्षण आणि नोंदणी लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातली व्याख्याही त्यावरच बेतलेली आहे. औषधं लिहून देणं मात्र मनोविकारतज्ज्ञांचं काम.

सध्या अभ्यासक्रमांची नावं आणि नियम बदलताहेत. फी भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर संस्थेची मान्यता तपासाच.

प्रवेशाबद्दल काही शंका असतील तर खाली विचारा, जमेल तशी उत्तरं देते.