ताऱ्यावाचूनचे ग्रहगोल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मृगाच्या बाणातील पूर्वेकडच्या ताऱ्यालगत सिग्मा ओरायनिस हा तरुण तारकागुच्छ आहे. तेथे, आणि त्याच्या दक्षिणेच्या तेजोमेघातील ट्रॅपेझियम गुच्छातही, कोणत्याही ताऱ्याभोवती न फिरणारे, ग्रहांइतक्याच वस्तुमानाचे गोल आढळल्याचे २००० साली दोन निरनिराळ्या संशोधक-गटांनी जाहीर केले. तेव्हापासून या गोलांविषयी काही समजुती रूढ झाल्या असून, त्यांची शहानिशा करणे इष्ट होय.

गैरसमज: हे सर्व आपल्या ताऱ्याने हद्दपार केलेले ग्रह होत.
वस्तुस्थिती: ग्रहांच्या परस्पर ओढाताणीत एखादा बाहेर फेकला जाणे संभवनीय खरे, परंतु वायुमेघाचा लहानसा तुकडा स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसून, म्हणजे ताऱ्याच्या रीतीनेही, असा गोल जन्मास येऊ शकतो. ययाती तारकासमूहातील एनजीसी १३३३ या गुच्छात जेम्स वेब दुर्बिणीच्या साह्याने जे सहा उमेदवार गोल २०२४ मध्ये पुढे आले, त्यांपैकी गुरूच्या सुमारे ५ पट वस्तुमानाच्या एकाभोवती, नवजात ताऱ्याभोवती असते तशीच, धुळीची तबकडी आहे.

गैरसमज: जवळ तारा नसल्यास असा गोल दिसणेच अशक्य.
वस्तुस्थिती: गुरूच्या सुमारे १३ पटींहून कमी वस्तुमानाच्या गोलात ड्यूटेरियमचेही ज्वलन होत नाही, हे खरे, तथापि जन्मकाळच्या आकुंचनाची उष्णता शिल्लक असल्यामुळे पहिली काही दशलक्ष वर्षे तो सुमारे दोन हजार अंशांपर्यंत तप्त राहून अवरक्त प्रकाशात झळकतो, आणि पुढे वयोमानाने निवत व मंदावत जातो. तरुण गुच्छांतच हा शोध चालतो तो याच कारणास्तव.

गैरसमज: मंद तांबडा ठिपका सापडला की शोध पुरा झाला.
वस्तुस्थिती: गुच्छामागील सामान्य तारासुद्धा मधल्या धुळीमुळे तसाच तांबडा दिसतो, म्हणून ठिपक्याची गती गुच्छाच्या गतीशी जुळते काय, आणि त्याच्या वर्णपटात १.४ व १.९ मायक्रॉनपाशी पाण्याच्या वाफेच्या खाचा आहेत काय, हे दोन दाखले पाहावे लागतात. ट्रॅपेझियममध्ये २०२३ साली अशा गोलांच्या चाळीसेक जोड्या जाहीर झाल्या. परंतु २०२४ च्या फेरतपासणीत त्यांतील बहुतेक पार्श्वभूमीवरील प्रकाशस्रोत असावेत, असा निष्कर्ष निघाला.

गैरसमज: या गोलांचे वस्तुमान थेट मोजलेले असते.
वस्तुस्थिती: ते तेज व वय यांच्या हिशेबावरून काढलेले अनुमान असते. वृश्चिक-भुजंगधारी परिसरात वीस वर्षांतील सुमारे ८०,००० प्रतिमा तपासून २०२१ मध्ये सांगितलेली संख्या ७० ते १७० अशी सैल राहिली, ती यामुळेच. कारण वय अधिक मानले, तर त्याच तेजासाठी वस्तुमान अधिक निघते आणि ग्रहांच्या मर्यादेत बसणारे गोल कमी होतात.

तेव्हा नव्या 'भटक्या ग्रहा'ची वार्ता वाचताना वर्णपट घेतला काय, गती तपासली काय आणि वय कोणते धरले, हे तीन प्रश्न वाचकांनी अवश्य विचारावेत. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत तो गोल उमेदवारच समजावा.