त्वचा बिघडली की हृदय थांबते

कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको बेटावर अंधार पडला की झाडाझाडांतून ‘को-की’ असा आवाज घुमू लागतो. हा कोकी नावाचा बेडूक. आवाज देणारा नर जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा. ‘को’ हा इतर नरांना इशारा, ‘की’ हे मादीला बोलावणे. त्याला डबके लागत नाही. अंड्यांतून थेट चिमुकले बेडूकच बाहेर पडतात. ओलावा मात्र हवाच, कारण बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो, पाणी आणि क्षार शोषतो.

कायट्रिड बुरशी नेमकी याच त्वचेवर हल्ला करते. जबर संसर्गात रक्तातले सोडियम, पोटॅशियम घसरते आणि हृदय बंद पडते. क्षार ढळल्याने होणारे असे मृत्यू आम्हा डॉक्टरांना अपरिचित नाहीत. कोरड्या दिवसांत बेडूक उरलेल्या ओल्या जागी दाटीने बसतात आणि संसर्ग फैलावतो.

याच बेटावरचा सोनेरी कोकी चक्क पिल्लांना जन्म देई. १९८१ नंतर तो कुणाला दिसलेला नाही. जंगलतोड आणि बुरशी, संशय दोन्हींवर आहे. साधा कोकी अजून गातो; त्याच्यासाठी औषधाआधी सावली आणि ओल राखायला हवी.