तार, दोर की पट्टा : रुतलेली गाडी नेमकी कशाने ओढायची?

पावसाळा लागला की सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर थार, गुरखा आणि जिम्नींची वर्दळ वाढते. त्याच सुमारास कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावर भरतीच्या पाण्यात रुतलेल्या गाडीचा व्हिडिओही मोबाइलवर फिरू लागतो. त्यात बहुतेक वेळा एक ट्रॅक्टर असतो, एक साखळी असते आणि ताणलेल्या साखळीपासून दोन-चार हातांवर उभं राहून ‘अजून घे, अजून घे’ ओरडणारा जमाव असतो. गाडी सहसा निघते. त्यामुळे पद्धत बरोबर होती, असा सगळ्यांचाच समज होतो.

अलीकडे हौशी चालक गाडीला विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत गाडी ओढणारं मोटारीचं यंत्र, बसवून घेऊ लागले आहेत. गोव्यात 2014 पासून भर पावसाळ्यात होणाऱ्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’सारख्या स्पर्धांमुळे या सामानाची ओळखही वाढली. त्यासोबत वाद आला : स्टीलची वायर बरी की सिंथेटिक दोर? या वादात दोन्ही बाजूंनी बरंच काही ऐकीव बोललं जातं.

‘लोखंड ते लोखंड, नायलॉनला ती ताकद कुठून येणार?’

पहिली गोष्ट म्हणजे विंचवरचा सिंथेटिक दोर नायलॉनचा नसतोच. तो अतिशय लांब रेणूंच्या पॉलिएथिलीनचा असतो. ‘डायनिमा’ हे त्याचं सर्वांत परिचित व्यापारी नाव. डीएसएम या डच कंपनीने ते 1990 साली बाजारात आणलं. पिशव्यांचं प्लॅस्टिक याच कुळातलं, पण इथे रेणू एका दिशेने ताणून बसवलेले असतात आणि सगळी करामत त्यातच आहे. हा धागा पाण्यापेक्षा हलका असतो, म्हणून दोर पाण्यावर तरंगतो. तो पाणी पीत नाही आणि गंजत नाही.

ताकदीचा हिशेब असा. विंचवर असते तशी साधारण साडेनऊ मिलिमीटरची स्टीलची वायर सुमारे साडेसहा टनांना तुटते. 10 मिलिमीटरचा चांगला सिंथेटिक दोर आठ-नऊ टनांपर्यंत टिकतो. 30 मीटर वायरचं वजन अकरा-बारा किलो भरतं, तेवढाच दोर दोन किलोंच्या आत. भिजलेल्या, घसरड्या चढावर वायरचं टोक हातात घेऊन वरच्या झाडापर्यंत जायचं असेल, तर हा फरक मांड्यांना कळतो.

मग स्टील हरलं का? नाही. कातळाच्या धारेवर घासणं, मुरमातून फरफटणं आणि उष्णता या तिन्ही बाबतींत ते अजूनही सरस आहे. सिंथेटिक धागा 145 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि सत्तरीच्या पुढे गेलं तरी ताकद गमावू लागतो. जांभ्याच्या खडबडीत कडेवरून ताणलेला दोर ओढला, तर काही मिनिटांत त्याचे पीळ कापले जातात. अशा जागी दोरावर जाड कापडी बाही चढवावी लागते. ती नसेल तर गाडीतली रबरी मॅट कडेवर अंथरावी.

‘सिंथेटिक तुटला तरी नुसता खाली पडतो’

विकणाऱ्यांनी पसरवलेला हा समज माझ्या मते सर्वांत घातक आहे. ताणलेल्या कुठल्याही दोरीत ऊर्जा साठते आणि ती तुटली की बाहेर पडते. सिंथेटिक दोराचं स्वतःचं वजन फार कमी, म्हणून तो वायरसारखा चाबूक होऊन अंग चिरत नाही आणि हवेत लवकर मंदावतो. इथपर्यंत दावा खरा आहे. पण दोराच्या टोकाला लोखंडी हुक असतो, पुढे शॅकल, म्हणजे खिळीने बंद होणारी लोखंडी कडी, असतो, त्याच्याही पुढे गाडी ओढण्यासाठी दिलेला टो-पॉइंट असतो. दोर शाबूत राहून टो-पॉइंटच उखडला, तर लोखंडाचा तो तुकडा दोरासकट समोरच्या गाडीच्या काचेवर येतो. ऑस्ट्रेलियात ट्रेलर जोडायच्या टो-बॉलला पट्टा अडकवल्यामुळे तो बॉल तुटून उडाला आणि माणसं दगावली, अशा घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्यात पट्टा निर्दोष होता.

म्हणून तार की दोर हे ठरवण्याआधी तो कुठे अडकवणार हे पाहावं. चासीला बोल्टने घट्ट बसवलेला हुक चालतो. टूलकिटमध्ये येणारी, बंपरचं झाकण काढून आट्यांवर फिरवून बसवायची कडी बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर टोचन लावून नेण्यापुरती असते; चिखलात रुतलेली गाडी तिने उपसायची नसते. ट्रकवर किंवा जहाजावर गाडी बांधून ठेवायला दिलेली भोकं तर यासाठी नाहीतच.

आणि बघ्यांना लांब करावं. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतर सोडून, तेही बाजूला, ओढण्याच्या रेषेत नव्हे. वायरच्या मध्यावर जाड ओलं गोणपाट किंवा तयार डॅम्पर टाकायची पद्धत चांगली आहे. सिंथेटिक असला तरी ती सोडू नये.

‘पट्टा तो पट्टा, मजबूत असला म्हणजे झालं’

खरा घोळ इथे आहे. दुकानात शेजारी-शेजारी टांगलेल्या, रंग सोडला तर सारख्याच दिसणाऱ्या वस्तूंची कामं एकमेकांच्या उलट असतात. टोचनचा पट्टा बहुधा पॉलिएस्टरचा असतो आणि फारसा ताणला जात नाही. झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टाही तसाच. विंचचा दोर तुटेपर्यंत जेमतेम तीन-चार टक्के वाढतो. कायनेटिक दोर मात्र खरोखरच नायलॉनचा असतो आणि तीस टक्क्यांपर्यंत लांबतो. त्याचा सपाट भाऊ, म्हणजे स्नॅच पट्टा, साधारण वीस टक्के.

हा ताण कशासाठी, ते एका हिशेबाने कळेल. दोन टनांची गाडी ताशी 10 किलोमीटर वेगाने पुढे सरकली आणि मागची ढील संपून ती मीटरभर अंतरात थांबली, तर दोरावर सरासरी 800 किलोंचा ओढा येतो. तीच गाडी 10 सेंटिमीटरमध्ये थांबली, तर तो ओढा जवळजवळ 8 टन होतो. ट्रॅक्टरवाला साखळीला ढील देऊन हिसका मारतो तेव्हा हे दुसरं गणित चालू असतं. गाडी निघाली तर ठीक. न निघाली, तर सगळ्यांत कच्ची कडी सुटते. ती कडी कुठली, हे आधी कोणालाच ठाऊक नसतं.

तेव्हा हिसक्याने काढायची असेल तर ताणणारी वस्तू आणि विंचने सावकाश ओढायची असेल तर न ताणणारी. विंचचा दोर कमी पडला म्हणून पुढे कायनेटिक दोर जोडणं म्हणजे गलोल भरून ठेवणं. उलट, साखळी, वायर किंवा विंचचा सिंथेटिक दोर घेऊन हिसके मारू नयेत, मग तो कितीही टनांचा असो. नायलॉनला आणखी एक खोड आहे : तो भिजला की ताकदीत साधारण दहा-पंधरा टक्क्यांनी उतरतो आणि लागोपाठ ताणला की गरम होतो. दोन-तीन झटक्यांनंतर त्याला विसावा द्यावा. तेवढ्या वेळात चाकांपुढचा चिखल फावड्याने उपसून काढला, तर पुढचा झटका बहुधा लागतच नाही.

‘हा शॅकल पावणेपाच टनांचा, तो दोरीचा पंधरा टनांचा, म्हणजे दोरीचा तिप्पट भारी’

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या हार्डवेअर बाजारातून पाऊण इंची बो-शॅकल आणला आणि उजेडात धरला, तर त्याच्या धनुष्यावर उठावदार अक्षरांत ‘डब्ल्यूएलएल 4 3/4 टन’ असं घडवलेलं दिसेल. वजन सुमारे सव्वा किलो. हा आकडा रोजच्या कामाच्या सुरक्षित भाराचा आहे. नामांकित कंपन्यांचा असा शॅकल त्याच्या पाच-सहा पटीला, म्हणजे पंचवीस टनांच्या आसपास तुटतो. ज्यावर काहीच कोरलेलं नाही, तो स्वस्त शॅकल कशाला तुटेल ते विक्रेताही सांगू शकत नाही.

सॉफ्ट शॅकलच्या, म्हणजे विणलेल्या दोरीच्या कडीच्या पाकिटावर ‘15 टन’ लिहिलेलं असतं तो बहुधा तुटण्याचा आकडा. पाचाने भागला की कामाचा भार 3 टन उरतो. दोन आकड्यांची जातच वेगळी, त्यांची तुलना कसली! तरीही मी सॉफ्ट शॅकलच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं. जोडणी सुटलीच तर उडणारी वस्तू शे-दीडशे ग्रॅमची असते, सव्वा किलोची नव्हे. अट एवढीच की ज्यात ती अडकवायची ते भोक गोल, गुळगुळीत कडेचं हवं. प्लेट कापून केलेल्या कोऱ्या धारेच्या टो-पॉइंटवर लोखंडी शॅकलच लावावा.

‘वायर काढली, दोर गुंडाळला, झालं काम’

विंचच्या तोंडाशी दोराला वाट देणारा चार रोलरचा फेअरलीड असतो. वर्षभर वायर खेळलेल्या रोलरवरून बोट फिरवा, बारीक चरे आणि कुसळं लागतील. तीच कुसळं नव्या दोराला खातात. सिंथेटिकसाठी गुळगुळीत ॲल्युमिनियमचा फेअरलीड लावावा. त्यावर पुन्हा वायर चालवू नये. नाहीतर तो फेअरलीड एका मोसमात खरवडून निघेल.

दुसरी बाब ब्रेकची. अनेक विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आत असतो. भार लटकवून दोर मोटारीने बाहेर सोडत राहिलं, म्हणजे गाडी उतारावर हळूहळू खाली घेताना, ड्रम चांगलाच तापतो आणि त्याला चिकटलेला पहिला थर भाजतो. तिसरी बाब वेढ्यांची : वायरचे निदान पाच वेढे ड्रमवर शिल्लक ठेवायचे असतात, सिंथेटिकचे दहा, कारण तो घसरतो. शिवाय तो सैल गुंडाळला तर भाराखाली वरचा थर खालच्या थरात रुततो. म्हणून पहिल्यांदा गुंडाळताना थोडा भार देऊन, ताणूनच भरावा.

जाता जाता विंचच्या आकड्याबद्दल. 9,500 पौंड म्हणजे साधारण 4,300 किलो, पण तो ओढा ड्रमवरच्या पहिल्या थरापुरता. वर थर चढले की तो घटतो. लष्करी अंदाजानुसार चाकं बुडेपर्यंत रुतलेल्या गाडीला तिच्या वजनाइतका, आणि मडगार्डपर्यंत रुतलेल्या गाडीला दुप्पट ओढा लागतो. माणसं-सामानासह दोन टनांवर गेलेली थार मडगार्डपर्यंत फसली, तर विंच तिथेच थकतो. पुली लावून दोर दुहेरी करावा. सिंथेटिकसोबत पुलीऐवजी चालणारी ॲल्युमिनियमची गोल रिंग हलकी आणि सोयीची आहे. वायरला मात्र साधी पुलीच हवी.

गाठीबद्दल एवढंच की सिंथेटिक दोराचा धागा इतका गुळगुळीत असतो की गाठ सरकते, आणि टिकली तरी दोराची ताकद निम्म्यावर येते. तुटलेला दोर आतून ओवून सांधतात. ते शिकायला एक दुपार पुरते आणि जवळजवळ सगळी ताकद परत मिळते. वायरला पडलेला पीळ किंवा मोड मात्र कशानेही जात नाही.

देखभालीत दोन्ही कटकटीचे आहेत. वायर गंजते आणि तिचे तुटलेले तंतू हातमोजाही फाडतात. दोराच्या विणीत वाळू शिरते आणि आतून घासत राहते. ऊनही त्याला हळूहळू खातं. गोड्या पाण्याच्या बादलीत दोर खळबळून सावलीत वाळवण्याचा ज्यांना कंटाळा आहे, ज्यांची गाडी बारा महिने उन्हात उभी असते, किंवा ज्यांचा विंच रोज खडी-कातळात राबतो, त्यांनी खुशाल वायर ठेवावी. सह्याद्रीत महिन्या-दोन महिन्यांनी चिखलात उतरणाऱ्या हौशी चालकाने योग्य फेअरलीडसह सिंथेटिक दोर, दोन सॉफ्ट शॅकल, नायलॉनचा एक कायनेटिक दोर आणि झाडासाठी रुंद पट्टा घ्यावा. पैसे कमी असतील तर विंच पुढच्या वर्षी घ्या; आधी गाडीच्या पुढच्या-मागच्या टो-पॉइंटचे बोल्ट तपासून घ्या आणि एक चांगलं फावडं आणा.