भोकरात लोकर कशाला?

“इथं कुठं एवढी थंडी पडती?” दोन सुयांवरचं विणकाम किंवा क्रोशा शिकायचा म्हटलं की भोकर, मुदखेड, किनवटच्या पट्ट्यात पहिला प्रश्न हाच येतो. प्रश्न रास्त आहे. मे महिन्यात नांदेड जिल्ह्यात पारा ४२-४३ अंशांवर सहज चढतो आणि डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटा सोडल्या तर स्वेटर पेटीतच पडून असतो. पण प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगात त्याच वेळी एक विणलेला कपडा असतो: त्याचं बनियन. ते ताणून नीट निरखलं तर एकमेकांत अडकलेल्या बारीक टाक्यांच्या उभ्या रांगा दिसतात. स्वेटरमधले सुलट टाके तेच. फक्त सूत बारीक आणि काम यंत्राचं.

ऊब टाक्यात नसते. ती धाग्याच्या जातीवर आणि विणीच्या जाडीवर ठरते. सुती दोऱ्याची सैल, जाळीदार वीण उलट हवा खेळू देते. जगात टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या विणलेल्या वस्तूंत इजिप्तमधले निळे-पांढरे मोजे आहेत, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांदरम्यानचे, आणि ते कापसाचे आहेत. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर चेन्नईचं घ्यावं. तिथे ३१ जानेवारी २०१६ रोजी ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने क्रोशाच्या चौकोनांची ११,१४८.५ चौरस मीटरची गोधडी जोडून गिनीज विक्रम केला. ज्या शहरात पांघरूण घ्यायची वेळ क्वचित येते, त्या शहरात!

दुसरा गोंधळ मागाचा. उदगीरला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या केंद्रात राष्ट्रध्वजासाठी जी खादी तयार होते, ती मागावर. तिथे उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांना छेदून जातात. सुयांवर किंवा क्रोशावर मात्र एकच धागा स्वतःतूनच पुढे सरकतो. म्हणून हे कापड ताणलं जातं, आणि म्हणूनच टोक सापडलं की भराभरा उसवतं. माग घरात मांडावा लागतो. हे काम पिशवीत मावतं आणि आदिलाबादच्या गाडीत बसल्या बसल्याही होतं.

आता लोकरीकडे वळू. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारे बहुतेक रंगीत गुंडे मेंढीच्या अंगावरचे नसतातच. ते ॲक्रिलिकचे, म्हणजे पेट्रोलियमपासून बनलेल्या कृत्रिम धाग्याचे असतात. हा धागा बाजारात आला तोच १९५० च्या सुमारास, ड्युपाँट कंपनीच्या ‘ऑर्लॉन’ या नावाने. ओळखायची खूण सोपी आहे. चिमट्यात धागा धरून पाण्याच्या वाटीवर जाळला की खरी लोकर केस जळल्यासारखा वास मारते आणि तिची राख बोटात चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. सुताला कागद जळल्याचा वास येतो. ॲक्रिलिक वाईट असं मुळीच नाही. ते स्वस्त आहे, धुवायला सोपं आहे आणि शिकताना दहादा उसवलं तरी टिकतं. पण ते घाम शोषत नाही. बाळाची टोपी उन्हाळ्यासाठी विणायची असेल तर सुतीच दोरा घ्यावा. आणि दख्खनी मेंढीची लोकर? ती इतकी भरड की तिचं घोंगडंच व्हावं. घोंगडंही मागावरचंच.

नवशिका खरा अडतो तो आकड्यांत. भोकर असो की पुणे, पहिले काही प्रयत्न फसले की “माझ्या हातात ती कलाच नाही” असा निकाल लावून सुया कपाटात जातात. बऱ्याचदा दोष हाताचा नसतो. आपल्याकडे सुयांचे जुने क्रमांक ब्रिटिश पद्धतीचे आहेत. निलगिरीतल्या केट्टी गावी १९४९ पासून असलेल्या नीडल इंडस्ट्रीजच्या ‘पोनी’ छापाच्या सुया पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी आहेत. या पद्धतीत क्रमांक वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकन पद्धत बरोबर उलटी. तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटर जाडीची असते. मोबाईलवर अमेरिकेतला व्हिडिओ पाहून ‘८ नंबर’ मागितला आणि दुकानदाराने त्याच्याकडचा ८ नंबर दिला, तर दोघेही बरोबर असतात आणि स्वेटर मात्र आखडतो. म्हणून नंबर विसरून मिलिमीटर मागावेत. हल्ली सुयांवर तेही छापलेले असतात.

क्रोशात ही गंमत आणखी पुढे जाते. मराठीत आपण ज्याला मुका खांब म्हणतो, त्याला अमेरिकेत ‘सिंगल क्रोशे’ आणि इंग्लंडात ‘डबल क्रोशे’ म्हणतात. आपला साधा खांब अमेरिकेत ‘डबल’ आणि इंग्लंडात ‘ट्रेबल’. एकच शब्द, दोन टाके, दोन वेगळ्या उंच्या. नमुना कुठला हे ओळखायची एक खात्रीची खूण आहे: त्यात ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द आला की नमुना अमेरिकन, कारण आजच्या ब्रिटिश पद्धतीत तो टाकाच त्या नावाचा नाही. एवढं पहिल्या दिवशी कुणी सांगितलं, तर किती रुमाल वाचतील.

“मापाचा तुकडा विणून पाहणं म्हणजे वेळेचा अपव्यय” हा समज शिकलेल्यांतही आढळतो. हिशेब करून पाहावा. नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके असतील तर ११० टाक्यांची रुंदी ५० सेंटिमीटर होते. विणणाऱ्याचा हात जरा सैल असून १० सेंटिमीटरला २०च टाके पडले, तर तेच ११० टाके ५५ सेंटिमीटर व्यापतात. पुढे-मागे मिळून घेर १० सेंटिमीटरने वाढला! तुकड्याला तासभर जातो. अख्खा स्वेटर उसवायला जीव जातो.

पट्टी विणता विणता त्रिकोणी होत जाणं, हीही हाताची कमतरता मानली जाते. क्रोशात बहुतेक वेळा ओळीचा शेवटचा टाका सुटलेला असतो किंवा वळतानाची साखळी टाका म्हणून धरायची की नाही, हे ठरलेलं नसतं. उपाय म्हणजे प्रत्येक ओळीअखेर टाके मोजणं. कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. टाका निसटला की सगळं वाया गेलं, हे मात्र खरं नाही. सुईवरून निसटलेला टाका खालपर्यंत शिडीसारखा सुटत गेला तरी क्रोशाच्या आकडीने एकेक पायरी उचलून पुन्हा वर आणता येतो. क्रोशात तर कामाचा फास एकच असतो. चुकीपर्यंत उसवलं की झालं.

रंगाच्या बाबतीत फसगत होते ती आकड्यांमुळेच. वेष्टनावर रंगाचा क्रमांक आणि रंगाईचा लॉट असे दोन वेगळे क्रमांक असतात. रंग तोच, लॉट वेगळा असेल तर बाहीची छटा बदललेली दिसते. सामान नांदेडहून आणायचं असेल तर लागणारे सगळे गुंडे एका खेपेत, एकाच लॉटचे घ्यावेत.

गुरूशिवाय येत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी भोकर तालुक्यातल्या तांड्यांकडे पाहावं. बंजारा बायकांचं आरसे-कवड्यांचं भरतकाम कुठल्या शिकवणीत आलेलं नाही. आईच्या शेजारी बसून, पाहून आलं. व्हिडिओ आईची जागा घेत नाही, पण तो थांबवता येतो, हळू चालवता येतो आणि चिडत नाही.

हे बायकांचंच काम, हा समज जगाच्या पाठीवर सगळीकडे खरा नाही. पेरू देशातल्या टिटिकाका सरोवरातल्या ताकीले बेटावर टोप्या पुरुष विणतात, मुलगे लहानपणीच शिकतात. युनेस्कोने २००५ मध्ये तिथल्या वस्त्रकलेची दखल घेतली. ब्रिटनचा सुवर्णपदक विजेता डायव्हिंगपटू टॉम डेली २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये प्रेक्षकांत बसून विणताना दिसला. पदकाला चरे पडू नयेत म्हणून त्याने त्याची पिशवीही विणली होती.

विणल्याने नैराश्य बरं होतं, या दाव्यावर मात्र थोडं थांबावं. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी’मध्ये २०१३ साली ३,५४५ विणणाऱ्यांचं सर्वेक्षण आलं. वरचेवर विणणाऱ्यांनी मन शांत झाल्याचं सांगितलं. पण ही त्यांनीच भरलेली प्रश्नावली होती. ज्यांना विणकाम नकोसं झालं त्यांनी ते कधीच सोडलेलं असतं. त्यांचं मत त्यात कुठून येणार? मन रमतं, हे खरं. औषधाची जागा ते घेत नाही.

शेवटचा समज सर्वांत चिवट: हा फावल्या वेळचा उद्योग, याला कसले पैसे? आंध्रात गोदावरीकाठच्या नरसापुरात क्रोशाच्या लेसचा धंदा एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी रुजवला. तिथल्या लेस विणणाऱ्या बायकांवर मारिया मीस यांचं पुस्तक १९८२ मध्ये आलं. निर्यातीचा माल तयार करणाऱ्या या बायकांना सगळे ‘घरी बसलेल्या’ समजत आणि मजुरी त्याच मापाने मिळे, हे त्यात तपशिलाने मांडलं आहे. शिवाय सुयांवरची वीण यंत्र काढतं, पण खरा क्रोशा कारखान्यात घाऊक प्रमाणात काढणारं यंत्र आजही नाही. बाजारात किंवा मोबाईलवरच्या दुकानात क्रोशाचा टॉप दोनशे रुपयांना दिसला, तर तो एकतर यंत्रावरची नक्कल असतो किंवा विणणारीला तिच्या तासांचे पैसे मिळालेले नसतात. गल्लीतल्या कुणाला दारासाठी तोरण करायला सांगाल, तेव्हा भाव करण्याआधी त्याला किती तास लागतात, ते विचारा.