स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी
मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील (पुढील एल्फिन्स्टन महाविद्यालय) आजी-माजी विद्यार्थ्यांची, प्राध्यापक पॅटन यांच्या पुढाकाराने १८४८ मध्ये स्थापन झालेली निबंधवाचन व चर्चा करणारी सभा. विद्यार्थ्यांच्या भाषणांतून नागरी कार्य उभे राहिल्याचे पश्चिम भारतातील हे एक आरंभीचे व ठळक उदाहरण होय.

एल्फिन्स्टनमधील अभ्यासक्रमाचा रोख विशिष्ट व्यवसायाच्या तयारीकडे नव्हता. इंग्रजी साहित्य, इतिहास, अर्थशास्त्र, गणित व सृष्टिविज्ञान यांच्या अध्ययनाने बुद्धी व्यापक आणि विवेकशील व्हावी, ही ज्याला उदार शिक्षण म्हणतात त्यामागील कल्पना येथेही होती. प्रत्यक्षात सरकारी नोकरी हेच बहुतेकांचे उद्दिष्ट असे. सभेत मात्र विद्यार्थ्याला शिकलेला विषय स्वतःच्या समाजाला लावून पाहावा लागे, आणि श्रोत्यांच्या शंकांना उत्तरेही द्यावी लागत.

सभेचे मुख्य कामकाज इंग्रजीत चाले. त्यामुळे शहरातील बहुसंख्य लोक त्याबाहेर राहत. ही उणीव ओळखून १८४८ मध्येच ज्ञानप्रसारक सभा या नावाने मराठी व गुजराती शाखा निघाल्या. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे मराठी शाखेचे अध्यक्ष होते. या शाखेच्या आश्रयाने १८५० मध्ये सुरू झालेले मराठी ज्ञानप्रसारक हे मासिक १८६७ पर्यंत चालले. इंग्रजी शिक्षणाचे लाभ देशी भाषांत उतरविण्याचे हे काम मूळ सभेतील निबंधांइतकेच महत्त्वाचे, किंबहुना अधिक टिकाऊ ठरले.

सभेचा सर्वांत मोठा परिणाम एका निबंधातून झाला. बेहरामजी खुर्शेदजी गांधी या पारशी सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. त्यावरील चर्चा केवळ अनुमोदनावर थांबली नाही. शिकविण्यास आपण तयार आहोत, असे काही तरुणांनी सांगितले. १८४९ मध्ये पारशी व हिंदू मुलींसाठी शाळा उघडण्यात आल्या. स्वयंसेवक स्वतःचे काम सुरू होण्यापूर्वी, सकाळच्या वेळी विनावेतन शिकवीत. त्यांत एल्फिन्स्टनमध्येच अध्यापन करणारे दादाभाई नवरोजी होते. घरोघरी जाऊन मुली मिळविताना काही पालकांनी आपल्याला जिन्यावरून खाली ढकलून देण्याची धमकी दिल्याची आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. जगन्नाथ शंकरशेट यांनी हिंदू मुलींच्या शाळेला, तर कामा कुटुंबाने पारशी शाळांना साहाय्य केले. मुंबईत मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा १८२४ पासून होत्या आणि पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये शाळा काढली होती. तेव्हा कालक्रमाने हा उपक्रम पहिला नव्हे. त्याचे वेगळेपण असे, की तो महाविद्यालयीन तरुणांच्या चर्चेतून निघाला आणि त्यांनीच तो चालविला.

धर्म व राजकारण हे विषय सभेच्या चर्चेतून वगळलेले होते. विविध धर्मीय सभासद आणि सरकारी संस्था यांचा विचार करता ही मर्यादा समजण्यासारखी आहे. परंतु तिने विद्यार्थ्यांच्या वक्तृत्वाचे क्षेत्र बरेच आखडले, हेही मान्य केले पाहिजे. जातिभेद व मूर्तिपूजा यांवरील विचार त्याच सुमारास परमहंस सभेत (१८४९) गुप्तपणे होत राहिले. राजकीय मागण्यांना १८५२ मध्ये बाँबे असोसिएशनमुळे उघड व्यासपीठ मिळाले. दादाभाई व भाऊ दाजी लाड हे सभेतील कार्यकर्ते त्या संस्थेतही आढळतात. निवेदन मांडण्याची, पुरावे देण्याची व विरोधी मत ऐकून घेण्याची सवय त्यांनी निबंधवाचनातूनच आणली असावी.

पारशी मुलींच्या शाळा पुढे स्वतंत्र मंडळाकडे गेल्या. सभेत निबंध वाचणारे मात्र सर्व पुरुषच होते, कारण एल्फिन्स्टनमध्ये त्या काळी विद्यार्थिनी नव्हत्या. मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर १८८० नंतरच्या दशकात बाहेर पडली.