प्रोसेसरचा पारा, परळीचा उन्हाळा

गेम अडकतोय, स्ट्रीम हँग होतोय, पंखा तर नुसता बोंबलतोय... नवा प्रोसेसर घ्यायला निघालात? जरा थांबा! आधी परळीच्या आमच्या मामांचं ऐका.

मे महिन्यातली गोष्ट. दुपारी लंच संपवून डेस्कवर येऊन बसलो आणि मोबाइल वाजला. परळीहून मामेभाऊ. वय वर्षं १९, पॉलिटेक्निकचं शेवटचं वर्ष आणि बाकी सगळा वेळ व्हॅलोरंट! खेळतो आणि यूट्यूबवर लाइव्ह दाखवतोसुद्धा. बघणारे तीस-चाळीसच, पण सगळे रोजचे.

‘दादा, मॅच चालू असताना पार अडकून बसायलंय बघ. सीपीयू शंभर टक्के दाखवायलंय. काय करू?’

मी हिंजवडीच्या गारेगार एसीत बसलेलो. स्वतःला कॉम्प्युटरमधलं कळतं असा (गैर)समज पूर्वीपासूनच! चहाचा घोट घेत सांगून टाकलं, ‘अरे, चार कोअरचा आय-थ्री आहे तुझा. बदल. प्रोसेसर आणि बोर्ड, पंचवीस हजारात काम होईल.’

फोन ठेवला, विसरून गेलो.

चार दिवसांनी आईकडून कळलं की मामींची भिशी लागली होती. पंचवीस हजार! त्यातून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीला पक्कं छत टाकायचं त्यांच्या मनात होतं. पण येत्या रविवारी पोराच्या मित्रांची टूर्नामेंट, आणि ती लाइव्ह दाखवायची जबाबदारी याची. मागच्या वेळी ऐन फायनलला स्क्रीन गोठली आणि पोरांनी महिनाभर चिडवलं. लेकराचा उतरलेला चेहरा बघून मामींनी भिशी त्याच्या हातावर ठेवली होती.

झालं! आता माझ्या घशाखाली चहा उतरेना. एका फोनवर मी कुणाचं तरी छत विकायला काढलं होतं. शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली आणि सकाळी परळीत उतरलो.

आधी मोजा, मग बोला

दुपारी तीनच्या सुमाराला त्या खोलीत पाऊल टाकलं आणि अर्धं उत्तर तिथेच मिळालं. वर पत्रा, बाहेर ४२ डिग्री. कॅबिनेट टेबलाच्या लाकडी कप्प्यात कोंबलेलं, मागे भिंत. कॅबिनेटला हात लावला तर चटका!

तरी घाई केली नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘सीपीयू’ या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा सगळ्यात वर येतो. तिथे चार गिऱ्हाईकं सापडली. पहिला गेम. दुसरं ओबीएस, म्हणजे स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर, आणि ते जवळपास गेमइतकंच खात होतं. तिसरा ब्राउझर, तब्बल १९ टॅब उघडे! चौथा अँटिव्हायरस, त्याचं रोजचं स्कॅनिंग नेमकं दुपारी तीनला लावलेलं.

टास्क मॅनेजर प्रोसेसरचं तापमान दाखवत नाही. त्यासाठी ‘एचडब्ल्यूइन्फो’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. आकडा ९९. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० डिग्री. त्या उंबरठ्यावर पोचला की तो जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. यालाच म्हणतात थ्रॉटलिंग. गंमत अशी की वेग कमी झाला तरी काम तेवढंच राहतं. मग तेच काम उरकायला जास्त वेळ लागतो, आणि टास्क मॅनेजरमधला टक्का आणखी वर चढतो. तुम्हाला वाटतं प्रोसेसर कमजोर आहे. खरं तर तो उकडलेला असतो!

मामांचा फंडा

एवढ्यात मामा वर आले. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रात त्यांची उभी नोकरी गेली. कॉम्प्युटरचं त्यांना वावडं. पण मी थ्रॉटलिंगचं पुराण सांगितलं तसे हसायलाच लागले.

‘अरे, हे आमचंच दुखणं की! २०१५ साली केंद्र कामून बंद पडलं होतं? संच जागच्या जागी, माणसं जागच्या जागी, पण पाणी नाही.’

गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून परळीच्या केंद्राला पाणी मिळतं. दुष्काळात ते आटलं, म्हणून २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये केंद्र बंद ठेवावं लागलं. औष्णिक केंद्रात वाफेवर टर्बाइन फिरतं आणि त्या वाफेचं पुन्हा पाणी करायला ती थंड करावी लागते. थंडाव्याची सोय नसेल तर अडीचशे मेगावॉटचा संचसुद्धा शोभेचा!

‘उष्णता बाहेर निघाली तरच यंत्र चालतं,’ मामा म्हणाले. ‘नवा संच आणून याच भट्टीत ठेवलास तर तो बी तेच करणार.’

बोलती बंद! कुठल्याही साध्या पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. माझ्या ऑफिसात हवा २५ डिग्री, इथे ४२. म्हणजे तेच मशीन, तोच गेम, पण सुरुवातच १७ डिग्री वरून. पुण्यातल्या एसीतून दिलेला सल्ला परळीत का चालत नाही, ते असं.

ऑपरेशन धूळ

शनिवारी संध्याकाळी कॅबिनेट उघडलं. आत कूलरच्या पट्ट्यांमध्ये धुळीची चक्क गोधडी झालेली! वायर काढली, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवलं आणि कोरड्या रंगाच्या ब्रशने सगळं साफ केलं. पातं धरायचं अशासाठी की ते गरगर फिरलं तर पंख्याचं नुकसान होऊ शकतं. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. तो वाळून भाकरीच्या पापुद्र्यासारखा झाला होता. जुना पुसला, बाजारातून नवी ट्यूब आणली आणि वाटाण्याएवढा ठिपका लावला. एकूण खर्च तीनशे रुपये!

कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढून भिंतीपासून वीतभर लांब ठेवलं आणि पत्र्याच्या खोलीतून खालच्या खोलीत आणलं. ‘वॉटर कूलर समोर लावू का?’ चिरंजीवांची आयडिया. नाही! ओल्या हवेचा झोत थेट मशीनवर कधीच सोडू नका.

या सगळ्यानंतर तोच गेम लावला. तापमान ८१. अर्धी लढाई जिंकली.

काम वाटून द्या

उरलेली अर्धी लढाई ओबीएसमध्ये होती. जरा आकडेमोड करू या. १०८०पी म्हणजे एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे साधारण १२ कोटी ४४ लाख ठिपके. एवढा माल दर सेकंदाला दाबून, घडी घालून नेटवर पाठवायचा. या कामाला म्हणतात एन्कोडिंग. आमच्या पठ्ठ्याने तिथे एक्स२६४ निवडलं होतं, म्हणजे हे सगळं काम प्रोसेसरच्या डोक्यावर. गेमही त्यानेच चालवायचा आणि घड्याही त्यानेच घालायच्या!

त्याच्याकडे जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड होतं. अशा कार्डात एन्कोडिंगसाठी वेगळा भाग असतो, त्याचं नाव एनव्हेंक. एनव्हिडियाने २०१२पासून तो द्यायला सुरुवात केली. पैसे मोजून घेतलेला हा नोकर इतके दिवस रिकामा बसला होता. सेटिंग्जमध्ये आउटपुट, तिथे एन्कोडर बदलला. एका क्लिकमध्ये ओबीएसचा टक्का धाडकन खाली!

तुमच्याकडे वेगळं कार्ड नाही? इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये २०११पासून क्विक सिंक असतं. एएमडीच्या ग्राफिक्सचा स्वतःचा एन्कोडर असतो. यादीत बघा, बहुतेक वेळा काहीतरी सापडतंच.

दुसरं काम, स्ट्रीम ७२०पी आणि सेकंदाला ३० चित्रांवर आणला. आता ठिपके झाले २ कोटी ७६ लाख, म्हणजे आधीच्या पाव हिश्श्याहूनही कमी. मोबाइलवर बघणाऱ्यांना काय फरक पडतो? नेटलाही आराम. सेकंदाला तीन हजार किलोबिटच्या आसपास भागतं.

तिसरं काम त्याला पटायला वेळ लागला. त्याचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ चित्रंच दाखवणार. गेम मात्र दीडशेच्या वर बनवत होता. ‘पण जास्त एफपीएस म्हणजे जास्त भारी ना?’ नेमबाजीच्या गेममध्ये थोडा फायदा होतो, खरंय. पण प्रत्येक चित्राची तयारी प्रोसेसरलाच करावी लागते. स्ट्रीम चालू असताना गेमला ९०चा लगाम घातला. दोघांना श्वास मिळाला.

नेमकं कोण अडतंय?

ओबीएसमध्ये ‘स्टॅट्स’ नावाची खिडकी आहे. ती बघायची सवय लावाच. तिथे तीन आकडे असतात. एन्कोडिंग लॅग वाढला तर एन्कोडर दमलाय. रेंडरिंग लॅग वाढला तर ग्राफिक्स कार्डावर ताण आहे, गेमचे एफपीएस आणखी कमी करा. आणि ड्रॉप्ड फ्रेम्स वाढले तर दोष नेटचा. तिथे कितीही महाग प्रोसेसर घ्या, उपयोग शून्य!

आणि हो, शंभर टक्के म्हणजे आजारच असं नाही. गेम सुरळीत आहे, स्टॅट्समध्ये लॅग नाही, तापमान आटोक्यात आहे, तर प्रोसेसर ९५ टक्क्यांवर चालला म्हणून जीव टांगणीला लावू नका. काम करायलाच घेतलाय ना तो?

झटपट टिप्स

– गेमआधी ब्राउझर बंद. गाणी हवीत? मोबाइलवर ऐका.

– टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतली नको ती सॉफ्टवेअर बंद करा.

– अँटिव्हायरस काढून टाकू नका, फक्त स्कॅनची वेळ बदला.

– ओबीएसमधला प्रीव्ह्यू बंद ठेवा. हलणारी सजावट आणि अलर्ट मोजकेच ठेवा.

– काहीच चालू नसताना प्रोसेसर अर्धाअधिक गुंतलेला दिसतो? पेनड्राइव्हवरून आलेल्या ‘फुकट’ गेमबरोबर चोरून क्रिप्टो नाणी काढणारं सॉफ्टवेअर आलेलं असू शकतं. पूर्ण स्कॅन करा.

– भर उन्हाळ्यात पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करून बघा. इंटेलच्या बऱ्याच मशीनवर टर्बो बंद होतो. थोडा वेग जातो, पण पारा झपकन उतरतो.

– ‘एका क्लिकमध्ये दुप्पट स्पीड’ म्हणणाऱ्या बूस्टरपासून चार हात लांब!

आणि रविवारी...

टूर्नामेंट दुपारी दोनला सुरू झाली. चिरंजीव कॉम्प्युटरसमोर, मी स्टॅट्सवर डोळे लावून मागे, मामी दारात. पहिली मॅच पार. दुसरी पार. फायनलला माझ्याच छातीत धडधड! प्रोसेसर सत्तर ते ऐंशी टक्क्यांत, तापमान ८३च्या वर गेलं नाही. दोनदा चित्र किंचित थरथरलं, तेही नेटमुळे. स्क्रीन मात्र एकदाही गोठली नाही.

खोटं कशाला बोलू? चार कोअरमधून ६० एफपीएसचा झुळझुळीत १०८०पी स्ट्रीम आणि सोबत नवेकोरे भारी गेम, हे या मशीनला झेपायचं नाही. दोन वर्षांनी बदलावंच लागेल. पण तेव्हा तो स्वतःच्या पगारातून घेईन म्हणतोय. भिशी मामींच्या कपाटात परत गेली, आणि पावसाळ्याआधी छताचं काम निघालं.

निघताना मामांनी कॅबिनेटवर तळहात ठेवून बघितला.

‘आता कसं,’ म्हणाले, ‘संच सुरू झाला म्हणायचा!’

पुण्याला आल्यावर पहिलं काम काय केलं असेल? माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच. आतली गोधडी परळीच्या गोधडीपेक्षा जाड निघाली...